रिपोर्ट नॉर्मल, पण पोट दुखतंय

मागे ऐकू येतंय ना सगळ्यांना? बरं. मग आधीच सांगून टाकतो, आज मी पोटदुखीच्या कारणांची यादी वाचून दाखवणार नाहीये, ती तुम्ही रात्री दोन वाजता फोनवर वाचलेली असतेच आणि वाचून दुखणं वाढवलेलं असतं. माझ्याकडे वीस-पंचवीस-तिशीतली मुलंमुली येतात, हातात जाडजूड फाईल, त्यात रक्ताचे रिपोर्ट, दोन-तीन सोनोग्राफ्या, एखादा सीटी, कधी दुर्बिणीची तपासणी पण झालेली, आणि सगळ्यांच्या खाली एकच शब्द, नॉर्मल. फाईल टेबलावर ठेवून म्हणतात, डॉक्टर सगळं नॉर्मल आहे म्हणे, मग दुखतंय ते काय आहे? सोबत आलेलं माणूस तोपर्यंत मला डोळ्यांनी खुणावत असतं, की मनाचं आहे हो, जरा समजावा.

मी फाईल बाजूला ठेवतो आणि विचारतो, पहिल्यांदा दुखलं तेव्हा तू काय करत होतास? बऱ्याच जणांना हा प्रश्न फालतू वाटतो. पण सोनोग्राफीला दुखणं दिसत नाही हो, तिला खडा दिसतो, गाठ दिसते, सूज दिसते, पाणी दिसतं. दुखणं फक्त सांगण्यातून कळतं, आणि आपल्याकडे सांगणं कसं असतं तर "पोटात दुखतंय, गॅस असेल". संपलं.

आता पोटाची एक गंमत समजून घ्या. बोटाला टाचणी लागली की कुठे लागली ते डोळे मिटून सांगता येतं, आतड्याचं तसं नाही. आतल्या अवयवांच्या नसा कमी, त्या मणक्यात अनेक पातळ्यांवर शिरतात, त्यामुळे मेंदूला नीट पत्ताच मिळत नाही आणि तो ढोबळमानाने मधल्या रेषेत कुठेतरी बोट ठेवतो. जठर, स्वादुपिंड, पित्ताशय यांचं दुखणं छातीच्या खाली मधोमध, लहान आतडं आणि अपेंडिक्सचं बेंबीभोवती, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं ओटीपोटात. म्हणून अपेंडिक्सला सूज येते तेव्हा सुरुवातीला बेंबीजवळ नुसतं मळमळल्यासारखं अस्पष्ट दुखतं, आणि काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की दुखणं उजवीकडे खाली सरकतं आणि मग पेशंट एका बोटाने जागा दाखवतो. 1889 मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी ही जागा लिहून ठेवली, आजही तिला मॅकबर्नीचा पॉइंट म्हणतात. त्यामुळे "दुखणं सरकलं का" हा प्रश्न कितीही साधा वाटला तरी त्याचं उत्तर मला दहा टेस्टांपेक्षा जास्त सांगतं.

एका बोटाने दाखवणं यावरून आठवलं. माझी स्वतःची चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक पंचविशीतला मुलगा आला, आठ महिने बेंबीच्या उजवीकडे एकाच जागी दुखतंय, नाण्याएवढी जागा, चालताना, कुशीवर वळताना, खोकताना जास्त. खाण्याशी, शौचाशी काही संबंध नाही. मी काय केलं, तर पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा दुर्बीण, ॲसिडिटीच्या गोळ्या. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या एका सीनियर सर्जनने त्याला झोपवलं, दुखरी जागा बोटाने दाबून धरली आणि म्हणाले, हात छातीवर घे आणि डोकं-खांदे उचल. मुलगा कळवळला. सर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, पोटाच्या आत काय शोधतोयस, दुखणं भिंतीत आहे.

ही फिलाडेल्फियाच्या जॉन कार्नेट यांची खूण, 1926 ची. डोकं उचललं की पोटाचे स्नायू ताठ होतात, आतल्या अवयवांवर ढाल येते, म्हणजे आतलं दुखणं असेल तर दाबल्यावर कमी वाटायला हवं. तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर गडबड स्नायूत किंवा त्यातून जाणाऱ्या नसेत. पोटाच्या त्वचेला जाणाऱ्या नसा स्नायूच्या कडेला जवळजवळ काटकोनात वळून बाहेर येतात आणि तिथेच चिमटतात. त्या जागी भूल देण्याचं इंजेक्शन दिलं की काही मिनिटांत दुखणं ओसरतं, म्हणजे निदान पण झालं आणि उपचार पण सुरू झाला. त्या मुलाचं असंच झालं. आणि मी मात्र त्याच्या आतड्यात डोकावत होतो. हे कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही आणि तपासायला अर्धा मिनिट पण लागत नाही, म्हणून राग येतो, स्वतःचाच.

बरं, आता सगळ्यात कॉमन प्रकाराकडे. दुखणं येतं, शौचाला जाऊन आलं की बरं वाटतं किंवा उलट वाढतं, कधी जुलाब कधी कडक, पोट फुगतं. हे आयबीएस, इरिटेबल बॉवेल. अशा विकारांसाठी तज्ज्ञांनी ठरवलेले 2016 चे रोमचे निकष आहेत त्यात म्हटलंय की आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस दुखणं, गेले तीन महिने, सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची, आणि दुखण्याचा शौचाशी, त्याच्या वेळांशी किंवा स्वरूपाशी संबंध, या तीनपैकी किमान दोन. लोकांना वाटतं आयबीएस म्हणजे काहीच सापडलं नाही म्हणून चिकटवलेलं लेबल. तसं नाहीये. आतड्यात फुगा घालून थोडा थोडा फुगवत गेलं तर यातल्या बऱ्याच पेशंटना इतरांपेक्षा खूप आधीच दुखायला लागतं, म्हणजे नसांचा आवाजच वाढवून ठेवलेला आहे. आतड्याच्या भिंतीत 10 कोटींच्या वर चेतापेशी आहेत, तिचं मेंदूशी दिवसरात्र बोलणं चालू असतं, आणि पोटाच्या एखाद्या इन्फेक्शननंतर, जुलाब थांबल्यावरही, हा वाढलेला आवाज महिनोन् महिने तसाच राहू शकतो. परीक्षेच्या आधी वाढतं म्हणून ते खोटं होत नाही, टेन्शनमध्ये छाती धडधडते तेव्हा आपण हृदय नाटक करतंय असं म्हणतो का? अशांना कधीकधी मी डिप्रेशनसाठी वापरतात त्या गटातली गोळी अगदी कमी डोसमध्ये देतो, नसा शांत करायला, आणि चिठ्ठी घरी गेल्यावर गूगल करून फोन येतोच की डॉक्टरांनी मला वेडं ठरवलं. म्हणून आता गोळी लिहायच्या आधी दहा मिनिटं बोलतो.

पण आयबीएस म्हणायच्या आधी काही दारं उघडून बघावी लागतात. काही न करता वजन कमी होतंय का, शौचातून रक्त जातंय का, दुखण्याने झोपेतून जाग येते का, ताप येतो का, हिमोग्लोबिन उतरलंय का, तोंडात सारखे अल्सर, गुदद्वाराजवळ फिस्टुला म्हणजे भगंदर असलं काही आहे का, घरात कुणाला आतड्याचा आजार आहे का. यातलं एक जरी हो असेल तर आयबीएस शब्द मी तोंडातून काढत नाही. क्रोन्स नावाचा आतड्याला सूज आणणारा आजार, 1932 मध्ये बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधून वर्णन केलेला, नेमका याच वयात सुरू होतो आणि बऱ्याचदा लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला बसतो, त्यामुळे वरून घातलेली दुर्बीण तिथे पोचतच नाही आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. त्याच कोपऱ्यात टीबी पण बसतो आणि दोघं इतके सारखे दिसतात की अनुभवी माणूस पण फसतो. शौचाची कॅल्प्रोटेक्टिन नावाची टेस्ट असते, ती आतड्यात खरी सूज आहे की नाही याचा चांगला अंदाज देते. फक्त पेनकिलर घेत असाल तर तीही वाढू शकते, आधी सांगा.

सीलिएकचं पण तसंच, जगात साधारण शंभरात एकाला असतो, गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजतं. इथे लोक एक मोठा घोळ घालतात, कुणीतरी सांगतं म्हणून आधी गहू बंद करतात, बरं वाटतं, मग सहा महिन्यांनी टेस्ट करायला येतात. टेस्ट निगेटिव्ह! अहो, रक्तातल्या त्या अँटिबॉडी गहू खाणं चालू असतानाच सापडतात. दूध न पचण्याचं तेवढं अवघड नाही, पंधरा दिवस बंद करून बघा, परत सुरू करून बघा.

मुलींबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. पाळीत दुखणारच, असं ऐकत ऐकत मुली दहा-दहा वर्षं काढतात. जगभरात पुनरुत्पादनाच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायकांना एंडोमेट्रिओसिस असतं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा टिश्यू बाहेर, ओटीपोटात, अंडाशयावर, कधी आतड्यावर वाढतो. त्याचे छोटे डाग साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. म्हणून सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही, असं होत नाही. दुखणं महिन्याच्या चक्राप्रमाणे येतंय का, पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना दुखतं का, संबंधांच्या वेळी दुखतं का, कॉलेज किंवा काम बुडतं का, हे विचारायला हवं आणि आईसमोर विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही, म्हणून मी सोबतच्यांना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगतो. कुणाला राग येतो, येऊ दे. प्रेग्नन्सी टेस्टचंही तेच. अचानक ओटीपोटात दुखणाऱ्या, पाळी येत असलेल्या प्रत्येक बाईची ती करायची म्हणजे करायची, शक्यता नाही म्हणाली तरी करायची, कारण गर्भ नळीत अडकला असेल आणि नळी फुटली तर जिवावर बेततं.

मुलांनो, तुम्ही हसू नका. वृषणाला पीळ पडला की दुखणं कधीकधी फक्त पोटातच जाणवतं, आणि लाजेपोटी खालचं कुणी सांगत नाही. साधारण सहा तासांत पीळ सोडवला तर वाचायची शक्यता चांगली असते, नंतर दर तासाला कमी होत जाते. इथे सकाळपर्यंत बघू हा विचार महागात पडतो.

मग उरतात ती कारणं जी पोटात नसतातच. ज्याला आपल्याला डायबिटीस आहे हे माहीतच नाही असा तरुण मुलगा पोटदुखी आणि उलट्या घेऊन येतो, खूप तहान, खूप लघवी, वजन उतरलेलं, आणि रक्तात ॲसिड साठलेलं. साखर तपासायला सेकंद लागतात. नागीण उठायच्या आधी तीन-चार दिवस नुसती एका बाजूची आग होते. शिसं पोटात गेलं, रंगकामातून, बॅटरीच्या कामातून, कुठल्यातरी बिनलेबलच्या पुडीतून, तर जीवघेणी कळ येते आणि हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसू शकते. पोर्फिरिया, म्हणजे रक्तातला लाल घटक बनण्याच्या साखळीतला बिघाड, तर फारच दुर्मिळ, पण बघितला की विसरत नाही, पेशंट तळमळतोय आणि पोट हाताला मऊ, नाडी जोरात, लघवी उजेडात ठेवली की गडद होते, ॲटॅक बहुतेकदा तरुण बायकांना, पाळीच्या आधी, कडक उपास किंवा काही विशिष्ट औषधांनंतर. ॲटॅक चालू असतानाच लघवीची टेस्ट पाठवली तर पकडता येतो.

आणि गांजा. मी पोलिस नाही, पालकांना सांगणार नाही, पण विचारणार. रोज ओढणाऱ्यांपैकी काहींना वर्षानुवर्षांनी पोटदुखी आणि उलट्यांचे झटके सुरू होतात आणि त्यांना कडक गरम पाण्याखाली उभं राहिलं की बरं वाटतं. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे नीट मांडलं. एक मुलगा मला म्हणाला होता, दिवसातून सात वेळा अंघोळ करतो, त्यावरून धागा लागला, सीटीवरून नाही.

पेनकिलर राहिलंच. डोकेदुखीसाठी, पाठीसाठी, पाळीसाठी रोज गोळ्या खाणाऱ्यांना जठरात अल्सर होऊ शकतो. दुसरं मोठं कारण हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू, कुणी मानेना म्हणून ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो स्वतःच पिऊन दाखवला, आजारी पडले, आणि 2005 मध्ये सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल घेतलं. तुम्ही असलं काही करू नका.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची वही घेऊन जा एवढंच मागतो. किती वाजता दुखलं, किती वेळ, बोटाने की तळहाताने दाखवता येतं, त्याआधी काय खाल्लं, शौच कसं झालं, पाळीचा कितवा दिवस, झोप किती. एका मुलीने अशी वही आणली तेव्हा मला काही विचारावंच लागलं नाही, दर अठ्ठावीस दिवसांनी पानं लाल पेनाने भरलेली होती.

प्रश्न आलाय, रात्री दुखलं तर सकाळपर्यंत थांबायचं का. दुखणं तासातासाने वाढतंय, पोट लाकडासारखं कडक झालंय, हलताना दुखतं म्हणून गपगार पडून राहावं लागतंय, ताप, सारख्या उलट्या, गॅस आणि शौच दोन्ही बंद, रक्त, चक्कर, पाळी चुकलेली, यातलं काही असेल तर थांबू नका, निघा. दुसरा प्रश्न, पेनकिलर घेतली तर निदान लपतं का? पूर्वी आम्हालाही असंच शिकवलं होतं, तपासून होईपर्यंत पेशंटला तळमळत ठेवायचे. नंतरच्या अभ्यासांमध्ये तसं नुकसान दिसलं नाही, त्यामुळे हॉस्पिटलमध्ये दुखणं कमी करणारं इंजेक्शन मागायला लाजू नका. घरून काही घेऊन निघाला असाल तर कुठली गोळी आणि किती वाजता, तेवढं मात्र हातावर लिहून आणा.