वारस नाही, की वारसाची नोंद नाही?

काटोलकडच्या या वावरात यंदा पेरणी झाली नाही. धुऱ्यावर बाभळी माजल्यात, संत्र्याची झाडं उभी वाळलीत. सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव मात्र अजून आहे. तो माणूस जाऊन बराच काळ लोटला.

हा नागपुरातला महाल भाग. भोसल्यांची राजधानी. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले, पोटी मुलगा नव्हता. राण्या होत्या, दत्तक घेण्याचा हक्क त्या मागत होत्या. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीने तो मानला नाही. 1854 मध्ये राज्य खालसा झालं, वाड्यातलं जवाहीर कोलकात्याच्या लिलावात गेलं. वारसाची वाट नागपूरकर भोसल्यांसाठी अशी बंद झाली होती.

आजचा कायदा तसा नाही, हे ठासून सांगायला हवं. 1956 चा हिंदू वारसा कायदा आधी बायको, मुलं, मुली आणि आईला विचारतो. मग वडील, भाऊ-बहीण, भाचे-पुतणे. मग दूरचे भाऊबंद, अगदी आईकडचे नातेवाईकसुद्धा. यातलं कोणीच नसेल आणि मृत्युपत्रही नसेल, तरच कलम 29 प्रमाणे जमीन सरकारची होते. तिच्यावरच्या देण्यासकट.

सिव्हिल लाइन्समधलं हे जिल्हाधिकारी कार्यालय. जमीन महसूल संहिता, 1966. कलम 34. माहीत असलेला वारस नसेल तर जिल्हाधिकारी जमिनीचा ताबा घेतात आणि ती एकेका वर्षाच्या मक्त्याने, म्हणजे भाडेपट्ट्याने, देता येते. तीन वर्षांत कोणी हक्क सांगितला तर चौकशी होते. हक्क नाकारला गेला, तर वर्षभरात दिवाणी न्यायालयात जाता येतं.

पण सासरी गेलेल्या लेकीला, कामासाठी परमुलखात राहिलेल्या पुतण्याला हे सांगणार कोण?

पटवाऱ्याकडची ही वारस नोंदवही, नमुना 6-क. मुलांची नावं एका ओळीत, एका शाईत. बहिणीचं नाव खाली, दुसऱ्या शाईत, मागाहून घातलेलं. ते घालायला कोणीतरी हेलपाटे घातले असतील. वारसाने तीन महिन्यांत कळवायचं, असं कायदा सांगतो. घरोघर ते राहून जातं. 2025 मध्ये सरकारला राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम घ्यावी लागली, ती मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायलाच. अशी मोहीम दरवर्षी, गावच्या चावडीवर व्हायला हवी.

तीन वर्षांत हक्क सांगायला कोणीच आलं नाही, तर जमिनीचा लिलाव. त्यानंतर खरा वारस उभा राहिला, तर त्याला वावर मिळत नाही. मक्त्याचे आणि लिलावाचे पैसे मिळतात, महसुलाची थकबाकी आणि खर्च कापून.