पंचवीस फुटांपलीकडची चाल

(सांगलीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, या सभागृहातल्या निम्म्या खुर्च्यांवर एमएसचे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं बसली आहेत. त्यामुळे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कसं खराब होतं, ते पुन्हा सांगत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं एक म्हणणं आहे, ते मी भेटेल त्याला ऐकवते: माणूस रोज जिथं चालतो, तिथं त्याची चाल मोजा.

आज आपण मोजतो कुठं? दवाखान्याच्या पॅसेजमध्ये. २५ फूट, म्हणजे ७.६२ मीटर. रुग्णानं सांभाळून, पण जमेल तेवढं भरभर चालायचं आणि आम्ही स्टॉपवॉच धरायचं. चाचणी चांगली आहे, मी रोज घेते. वेळ २० टक्क्यांनी वाढली तर लक्ष घालावंच लागतं. पण पॅसेजमध्ये ऊन नसतं, चढ नसतो, हातात भाजीची पिशवी नसते.

माझ्याकडे एक शिक्षिका येतात, त्यांना विचारूनच सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा स्वतंत्र उल्लेख आहे, म्हणून त्या प्रमाणपत्रासाठी तपासणीला गेल्या. सकाळची वेळ, पंख्याखाली बसून पायांना पुरेशी विश्रांती, खाली गुळगुळीत फरशी. "चालून दाखवा." बाई चालल्या आणि छान चालल्या. आयुष्य वर्गासमोर उभं राहण्यात गेलेलं, चारचौघांत पाय ओढायचा नाही हा बाणा. समोरून उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही तर धडधाकट आहात!"

त्या बाहेर पडल्या तेव्हा दुपार झाली होती. मे महिना. सांगलीतल्या माणसांना वेगळं सांगायला नको. स्टँडच्या वाटेवर डावा पाय उचलेना. हरभट रोडला एका दुकानाच्या पायरीवर बसल्या, दुकानदारानं पाणी दिलं, मुलगा गाडी घेऊन येईपर्यंत तिथंच होत्या. माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांच्या चपला उलट्या करून पाहिल्या. उजवीची टाच झिजलेली, तुमची-माझी झिजते तशी. डावीची टाच जवळजवळ नवी, आणि अंगठ्याखालची कड मात्र इतकी घासलेली की रबराचा आतला थर दिसत होता. पाऊल वर उचललं जात नाही, पुढचा भाग जमिनीला घासत जातो. दिसायला हे सगळं त्या चपलेत होतं. पॅसेजमध्ये ती कुणी पाहिली नाही, याचा मला आजही राग आहे.

उन्हाचं म्हणाल तर १८९० मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं नोंदवलं होतं, की श्रम झाले की या रुग्णांची नजर काही वेळ मंदावते. खरं कारण शरीराचं वाढलेलं तापमान, हे पुढं कळलं. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश जेमतेम पुढं सरकतो. अर्ध्या अंशाची वाढही त्याला अडवायला पुरते.

एमएसमुळे आलेलं अपंगत्व ० ते १० अंकांत मोजणारी मोजपट्टी आहे, अंक जितका मोठा तितका त्रास जास्त. मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट्झके यांच्या १९८३ च्या या मोजपट्टीतही ४ च्या पुढं सगळी मदार चालण्यावर आहे: न थांबता ५०० मीटर गेलात तर ४, काठी घेऊन १०० मीटर गेलात तर ६. पण ५०० मीटर चालवून बघायला वेळ कुणाला आहे? मग विचारलं जातं, "किती चालता?" आपला माणूस सांगतो, "मारुती चौकापर्यंत जातो की!" कुठून, ते विचारायचं राहूनच जातं. (हशा)

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत, आणि चाल मोजणारे सेन्सर तर अजून पिशवीतच आहेत. भरभर सांगते.

ही डबी घोट्याला किंवा कमरेला बांधायची. आत दोन यंत्रं: ॲक्सिलरोमीटर हालचालीचा वेग कसा बदलतो ते टिपतं, जायरोस्कोप पाय किती झपाट्यानं फिरतो ते. सेकंदाला १०० च्या आसपास नोंदी होतात. टाच टेकली की आलेखात टोक उमटतं. टोकांमधलं अंतर एकसारखं आहे का, डावं-उजवं जुळतं का, दोन्ही पाय एकदम जमिनीवर किती वेळ राहतात, हे सगळं निघतं. एमएसमध्ये हा शेवटचा वेळ वाढतो. सहा मिनिटं चालवलं तर पहिल्या आणि सहाव्या मिनिटातला फरक दिसतो. थकवा तिथं सापडतो, पंचवीस फुटांत नाही.

मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका. सावकाश चालणाऱ्याची पावलं त्यातून सुटतात, आणि काठी किंवा वॉकर धरलेला हात तर फारसा हलतच नाही. शिवाय पावलं कमी भरली म्हणजे आजार वाढला असंही नाही. पाऊस असेल, घरी पाहुणे असतील. म्हणून नुसत्या पावलांपेक्षा रोजच्या चालण्याचा वेग बघावा. अशा सेन्सरनं रोजची चाल मोजण्यासाठी युरोपात २०१९ मध्ये सुरू झालेल्या मोबिलाइज-डी या संशोधन प्रकल्पानं तोच धरला, आणि अभ्यासलेल्या आजारांत एमएसही होता.

माझी मागणी अशी: प्रमाणपत्राच्या तपासणीत पॅसेजच्या जोडीला आठवडाभराची नोंद घ्या, सकाळची वेगळी, दुपारची वेगळी. डॉक्टरांचा निर्णय डॉक्टरांनीच करावा, पण ही नोंद समोर ठेवून करावा.

दोन संच आणलेत. ज्यांना बांधून बघायचे आहेत त्यांनी पुढं या, आलेख मोबाइलवर लगेच दिसतो. काठीवाल्यांना आधी येऊ द्या.