तांब्याचं तोंड, तांब्याचं बूड

[टेबलावर काळवंडलेला तांब्या. एका बाजूने खिडकीचा उजेड.]

घरच्या घरी चित्रं काढायला शिकणारे बहुतेक जण थेट चेहऱ्याला हात घालतात, तोही मोबाईलमधल्या फोटोवरून. फोटोत लांबी-रुंदी-खोलीचं सपाट चित्र कॅमेऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. शिकायचं नेमकं तेच राहून जातं. त्यापेक्षा समोर तांब्या ठेवा. घासून लखलखीत केलेला नको, त्यात अख्खी खोली दिसते.

तोंड गोल आहे हे ठाऊक असतं, म्हणून ते फार गोल काढलं जातं. बूड टेबलावर सपाट टेकलंय हेही ठाऊक असतं, म्हणून खाली सरळ रेघ ओढली जाते. दिसतं ते उलटं. खुर्चीत बसून पाहिलं, की तोंड डोळ्यांच्या पातळीला जवळ, त्यामुळे त्याचा लंबगोल चपटा. बूड त्याहून खाली, त्यामुळे तिथली कड जास्त वळलेली.

[हात आणि पेन्सिल, जवळून.]

कोपर ताठ. एक डोळा मिटा. पेन्सिल आडवी धरून टोक तांब्याच्या पोटाच्या एका कडेला लावा, अंगठ्याचं नख दुसऱ्या कडेला सरकवा. तेच माप उभं करून पाहा: उंची रुंदीच्या सव्वापट की दीडपट? कोपर जरासं वाकलं, तर पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप लहान भरतं. ‘मोजूनही चुकलं’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच असतं.

कागदावर मधली उभी रेघ आखा, दोन्हीकडे सारखी अंतरं घ्या. लंबगोल मनगटातून नाही, खांद्यातून काढायचा. आधी हात हवेतच दोन-तीनदा फिरवा, मग टेकवा. दोन कमानी जोडल्या, तर टोकं अणकुचीदार येतात.

कागद टेबलावर आडवा नको. वरची कड डोळ्यांपासून लांब असल्याने आकसून दिसते, आणि वरचा भाग नकळत लांबट होतो. बोर्ड तिरका टेकवा.

छटांसाठी डोळे किलकिले करा. उजळ, मध्यम, गडद, एवढंच पुरे. नेहमीची एचबी पेन्सिल कितीही दाबली तरी काळी होत नाही, चकाकते. गडदसाठी मऊ शिशाची सिक्सबी घ्या. बोटाने घासू नका, बोटाचं तेल कागदावर डाग पाडतं.

[लाल पेन्सिल.]

आता स्मरणचित्र. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला पाठ करून उतरवलेला बाजार नव्हे. तांब्या दोन मिनिटं निरखा, पाठ फिरवा, पाच मिनिटांत काढा. मग पुन्हा समोर बसून, काहीही न खोडता, त्यावरच लाल पेन्सिलने दुरुस्त्या करा. कागदावर तारीख टाकून ठेवा. लाल रेघा दरवेळी मानेपाशीच येत असतील, तर पुढचे चार दिवस नुसती मान काढा.