एका मूकपटाची तीन नावं

(पडद्यावर: पहाट. धुक्यातून हळूहळू दिसू लागणारा तोरणा.)

चौथीच्या इतिहासातला धडा आठवतो? ‘स्वराज्याचे तोरण बांधले’. महाराजांनी तोरणा घेतला, आणि शुभकार्याला दाराशी तोरण बांधावं तशी स्वराज्याची सुरुवात झाली. गडाचं नाव आणि दारावरचं तोरण, एकाच शब्दात दोन्ही.

१९३० साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने शिवरायांवर मूकपट काढला. कंपनी जेमतेम वर्षाची. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि महाराजांच्या भूमिकेतही तेच. नाव ठरलं, ‘स्वराज्याचे तोरण’.

पण साल कोणतं होतं ते बघा. लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केलेला. २६ जानेवारीला गावोगावी शपथ घेतली गेली, एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचललं गेलं. अशा वेळी ‘स्वराज्य’ हा शब्द सेन्सॉरपुढे गेला. त्यांना त्यात सतराव्या शतकातला गड दिसलाच नाही.

शब्द अडला. चित्रपट आला तो ‘उदयकाल’ म्हणून.

इंग्रजीत नाव होतं ‘थंडर ऑफ द हिल्स’. डोंगरातला गडगडाट! यात राजा नाही की राज्य नाही, नुसतं पावसाळी आभाळ. ‘उदयकाल’ मात्र मला फार विचारी नाव वाटतं. उदय कशाचा, ते लिहिलेलंच नाही. ज्याने त्याने मनात भरून घ्यावं.

(पडद्यावर: जुनं थिएटर. पेटी, तबला. अंधारात उजळलेली अक्षरांची पाटी.)

मूकपटाच्या खेळाला सगळ्यांनाच वाचता येत नसे. पाटी आली की कुणीतरी मोठ्याने वाचायचं, बाकीचे ऐकायचे. शिवाजी महाराज कोण, हे त्या पाटीने सांगायची गरज नव्हती. पोवाडे ऐकत वाढलेली माणसं होती ती. टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव सुरू केल्यालाही पस्तीस वर्षं होत आली होती. नाव बदललं, तरी समोर जिरेटोप दिसत होता.

पाच वर्षांनी पुन्हा तेच. या वेळी संत एकनाथ, भूमिकेत बालगंधर्व. नाव ठेवलं होतं ‘महात्मा’. देशात तेव्हा महात्मा म्हटलं की एकच माणूस आठवायचा, त्यामुळे तेही नाव गेलं आणि पाटीवर ‘धर्मात्मा’ आलं.

नाथ मात्र पडद्यावर अस्पृश्याच्या घरी जेवायला बसलेच.