घाट, विरळ हवा आणि जुनी मोटार

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी मुंबईत कुरकुर न करता धावते आणि पसरणी घाट चढून महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत मात्र मरगळते. ‘हवा-पेट्रोल मिसळणारा जुना कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा बसवा, हे दुखणे जाईल’ असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे.

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा मुंबईतल्यापेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते. कार्ब्युरेटरला हवेचे वजन कळत नाही. व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून हवा वाहताना तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीने जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या तोटीतून, पेट्रोल येते. ही ओढ हवेच्या घनतेइतकीच घटते, परंतु पेट्रोलचा प्रवाह ओढीच्या वर्गमूळाप्रमाणे बदलत असल्यामुळे तो जेमतेम ६ टक्क्यांनी कमी होतो, आणि मिश्रण सुमारे ७ टक्क्यांनी रिच (पेट्रोल जास्त) होऊन प्लगवर काजळी धरू लागते. लेहला, ३,५०० मीटरवर, हाच फरक १९ टक्क्यांच्या घरात जातो. सोलेक्स कार्ब्युरेटरचा जेट १२० क्रमांकाचा, म्हणजे १.२० मिलिमीटर भोकाचा असेल, तर त्याजागी ११५ चा घातल्यास भोकाचे क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी घटते आणि महाबळेश्वरापुरता हिशेब जुळतो. मात्र तोच जेट ठेवून खाली उतरलात तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होऊन इंजिन तापते.

इंजेक्शनमध्ये ही अदलाबदल लागत नाही. बॉशच्या १९६७ च्या डी-जेट्रॉनिक यंत्रणेपासून मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब मोजून पेट्रोल देण्याची सोय झाली, आणि जुन्या गाडीवर बसवायच्या आजच्या इंजेक्शन-किटमध्ये सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर उरलेली चूक सुधारतो. परंतु हवाच कमी असल्यामुळे घटलेली ताकद कोणतेही इंजेक्शन परत देत नाही, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत.

आता एक गंमत पाहा. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला एक किलो इंधनामागे १४.७ ऐवजी सुमारे १३.५ किलो हवा पुरते, त्यामुळे जुन्या पेट्रोलसाठी जुळवलेला कार्ब्युरेटर मुंबईत लीन चालतो आणि महाबळेश्वरला गेल्यावर जवळजवळ बरोबर येतो! इथेनॉलने खराब होणाऱ्या जुन्या रबरी नळ्यांचा प्रश्न अर्थात वेगळा.

वर्षातून दोनचारदा घाट चढणाऱ्याने इंजेक्शनचा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. किटसाठी जास्त दाबाचा पंप आणि पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी लागते, आणि जुन्या डायनामोला तो विजेचा भार झेपेलच असे नाही. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर इंजिनातील मोठे फेरफार आड येऊ शकतात. लेहला वारंवार जाणाऱ्याचे गणित निराळे. त्याने इंजेक्शन जरूर बसवावे. घाटात पेट्रोल नळीतच उकळून गाडी बंद पडत असेल, तर मात्र टाकीजवळ कमी दाबाचा विजेचा पंप लावून पाहावा. तेवढ्यासाठी कार्ब्युरेटर काढायचे कारण नाही.