उसन्या जागेतली रंगभूमी

(दृश्य : रविवार सकाळ. नाट्यगृहाबाहेर उभा असलेला नेपथ्याचा ट्रक. लाकडी चौकटी उतरवणारे रंगमंच कामगार.)

मराठी व्यावसायिक नाटकाचे अर्थकारण शनिवार-रविवारच्या तारखांवर उभे आहे. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ साली सुरू झाले, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली, आणि या दोन वास्तूंबरोबर शहरी नाटकाचे माप ठरून गेले. नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्य वाहून नेणारा ट्रक, वर्तमानपत्रातील जाहिरात, कलावंतांची आणि रंगमंच कामगारांची ‘नाईट’ म्हणजे दर प्रयोगाचे मानधन, हा सगळा खर्च पडदा उघडण्यापूर्वीच होऊन बसतो आणि तो भरून काढायचा तर शेकडो खुर्च्या भराव्याच लागतात. बालगंधर्वसारख्या जवळपास हजार आसनांच्या नाट्यगृहात ज्या नाटकाला दीडशे प्रेक्षक येतात ते नाटक पडले, असेच म्हटले जाते. मग त्या दीडशे जणांनी ते कितीही एकाग्रतेने पाहिलेले असो. निर्मात्याच्या रसिकतेला यात दोष देण्याचे कारण नाही. त्याला सुटीच्या दिवसाची तारीख मिळवायची असते आणि मिळालेली तारीख वाया जाऊ द्यायची नसते. मात्र ज्या नाटककाराला आपल्या नाटकाचा शेवट अजून नीट सापडलेला नाही, ज्या दिग्दर्शकाला एखादा प्रयोग फसण्याची मोकळीक हवी आहे, त्याला या हिशेबात जागा उरत नाही. या चित्रफितीत दिसणाऱ्या संस्था त्याच कारणाने मोठ्या नाट्यगृहाबाहेर पडल्या आणि बाहेर पडल्यावर त्यांना पहिला प्रश्न पडला तो जागेचा.

(दृश्य : दादर पश्चिम. स्थानकाबाहेरची गर्दी, छबिलदास शाळेच्या गल्लीत शिरणारा कॅमेरा.)

विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशी मंडळी ज्या ‘रंगायन’मध्ये एकत्र आली होती, ती संस्था १९६० साली उभी राहिली आणि दहा-बारा वर्षांत फुटली. तिच्यातून बाहेर पडलेल्या अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी अरुण काकडे यांच्यासह १९७१ साली ‘आविष्कार’ स्थापन केली. नव्या संस्थेची उमेद मोठी होती. गिरीश कार्नाड यांचे ‘तुघलक’ तेंडुलकरांच्या मराठी अनुवादात करण्याचे धाडस तिने सुरुवातीलाच केले. पण अशा भव्य निर्मितीचा भार हौशी संस्थेला वारंवार पेलणे शक्य नव्हते. नियमित प्रयोग करायचे असतील तर कमी भाड्याची आणि हमखास मिळणारी जागा हवी होती.

ती मिळाली एका शाळेत. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या आणि विद्यार्थ्यांची नाटके बसवत असत. त्या ओळखीतून १९७४ साली शाळेचे सभागृह ‘आविष्कार’ला प्रयोगांसाठी मिळू लागले. शाळा सुटल्यावर तिथे खुर्च्या मांडायच्या, दिवे टांगायचे आणि प्रयोग संपला की सकाळच्या वर्गापूर्वी सगळे पुन्हा जागच्या जागी ठेवायचे, ही कामे संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केली. काकडे यांचे नाव दिग्दर्शकांच्या यादीत फारसे आढळत नाही, पण जागा, पैसा, माणसे आणि वेळापत्रक यांची मोट बांधणारा माणूस तेच होते, आणि माझ्या मते या चळवळीतील सर्वांत सर्जनशील काम तेच होते.

‘आविष्कार’ने हे सभागृह स्वतःपुरते राखून ठेवले नाही, ही यातील मोलाची गोष्ट. एकाच संस्थेला महिन्यातून इतके प्रयोग करणे जमणारे नव्हते आणि सभागृह रिकामे ठेवणे परवडणारे नव्हते. तेव्हा इतर संस्थांना तेथे माफक खर्चात प्रयोग करू देण्यात आले. सत्यदेव दुबे यांच्यासारख्या हिंदी-मराठीत सारख्याच अधिकाराने वावरणाऱ्या दिग्दर्शकापासून पहिलेच नाटक घेऊन आलेल्या नवख्या मुलांपर्यंत अनेकांना त्यामुळे मंच मिळाला. प्रेक्षकांच्या बाजूनेही याचा परिणाम झाला. अमुक नाटक पाहायचे म्हणून येणारा माणूस हळूहळू ‘छबिलदासला काय आहे’ असे विचारत येऊ लागला. जाहिरातीवर खर्च करण्याची ऐपत नसलेल्या संस्थांना आयता प्रेक्षक मिळू लागला, आणि तो कोणत्याही एका संस्थेचा नव्हता. (त्या गल्लीतील बटाटावड्यानेही या प्रेक्षकवर्गाच्या जडणघडणीत काही वाटा उचलला असावा, निदान मध्यंतरातील चर्चा त्याच्याशिवाय पूर्ण होत नसत.)

शाळेच्या सभागृहाने नाटकाच्या घडणीतही हस्तक्षेप केला. नेपथ्य रोज उभारून रोज काढायचे असल्यामुळे भिंती, दारे, जिने असलेला दिवाणखाना उभा करणे अव्यवहार्य होते; चार पातळ्या म्हणजे कमी-अधिक उंचीचे चौथरे, दोन खुर्च्या आणि नेमका प्रकाश यांवर भागवावे लागे. समोरचा प्रेक्षक इतका जवळ असे की शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवण्यासाठी आवाज चढवण्याची गरज उरत नसे, आणि खोटे हावभाव तर तत्काळ पकडले जात. व्यावसायिक रंगभूमीवर ज्या गोष्टी सवयीने चालून जात होत्या, त्या इथे चालेनात. गरजेपोटी स्वीकारलेली काटकसर काही वर्षांत शैली म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तिच्यात घडलेले नट पुढे मोठ्या रंगमंचावर आणि चित्रपटांत गेले.

(दृश्य : जुन्या प्रयोगांची कृष्णधवल छायाचित्रे. त्यानंतर जुहूच्या पृथ्वी थिएटरचा दर्शनी भाग.)

मुंबईतच या प्रश्नाला दुसरे उत्तर मिळाले ते ५ नोव्हेंबर १९७८ रोजी, जेव्हा शशी आणि जेनिफर कपूर यांनी जुहूला सुमारे दोनशे आसनांचे पृथ्वी थिएटर सुरू केले. येथे जागा उसनी नव्हती, लहानपणा मात्र मुद्दाम राखलेला होता : तिन्ही बाजूंनी प्रेक्षक आणि मध्ये रंगमंच. उद्घाटनाचे नाटक होते गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदी रूपात. चौकशीला तोंड देणाऱ्या एका प्राध्यापकाचे हे नाटक संवादांवर आणि युक्तिवादांवर चालते. त्यात डोळे दिपवणारे काही नाही. मराठीत ते चार वर्षांपूर्वी डॉ. लागूंनी रंगमंचावर आणले होते. अशा नाटकाने नाट्यगृहाचा आरंभ करता येतो हे लहान नाट्यगृहच ठरवू शकते.

त्याच वर्षी, त्याच महिन्याच्या आगेमागे, दिल्लीतील जन नाट्य मंच जागेचा प्रश्नच मोडीत काढत होता. १९७३ साली स्थापन झालेली ही संस्था आणीबाणीपूर्वी कामगार आणि शेतकरी संघटनांच्या आमंत्रणावरून मोठी मंचीय नाटके करत असे. आणीबाणीनंतर त्या संघटनांची आर्थिक स्थिती इतकी ढासळली होती की असे प्रयोग ठेवणे त्यांना जमेना. मग संघटनेला काहीच खर्च येणार नाही असे नाटक लिहावे, असे संस्थेचे एक संस्थापक सफदर हाश्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले. सायकली ठेवण्यासाठी जागा आणि चहासाठी कँटीन एवढ्या साध्या मागण्यांवरून एका कारखान्यात उसळलेल्या संघर्षातून ‘मशीन’ तयार झाले : सहा नट, सुमारे तेरा मिनिटे, मंच नाही, दिवे नाहीत, नटांच्या शरीरांतूनच उभे राहणारे यंत्र. रस्त्याला भाडे पडत नाही. मात्र रस्त्यावर संरक्षणही नसते, हे १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीजवळच्या झंडापूरला प्रयोग चालू असताना झालेल्या हल्ल्याने आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या सफदरच्या मृत्यूने दाखवून दिले. याच संस्थेने २०१२ साली शादीपूर भागात ‘स्टुडिओ सफदर’ हे छोटेसे स्वतःचे नाट्यघर उभारले, यात मला विसंगती दिसत नाही. तालमीला, साहित्य ठेवायला आणि पावसाळ्यात प्रयोग करायला छप्पर लागतेच.

(दृश्य : पुणे, पहाटे. रस्ते झाडणाऱ्या महिला, हातगाड्या.)

निर्माता कोण असावा, या प्रश्नाचे पुण्यात २०१२ साली मिळालेले उत्तर या सगळ्यांत वेगळे होते. गो. पु. देशपांडे यांचेच महात्मा फुले यांच्यावरील ‘सत्यशोधक’ हे नाटक अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केले तेव्हा निर्मितीची जबाबदारी पुणे महानगरपालिका कामगार युनियनने उचलली आणि नाटकातील बहुतेक नट होते पालिकेचे सफाई कामगार. पहाटेची पाळी संपवून आलेल्या माणसांबरोबर तालमी करायच्या, तर वेळापत्रक त्यांच्या कामाप्रमाणे आखावे लागते. पाठांतराची पद्धतही बदलावी लागते. पण संघटना निर्माती झाली की तिचे सभासद, त्यांची कुटुंबे आणि गावोगावच्या मित्रसंघटना असा जो प्रेक्षक उभा राहतो, तो नाट्यगृहाच्या खिडकीवर तिकीट काढायला कधीच आला नसता. फुल्यांचे शब्द त्या कामगारांच्या तोंडी येताना त्यांना जे वजन प्राप्त होत असे, ते कितीही कसलेल्या व्यावसायिक संचाला साधणे कठीण होते.

तरीही या सर्व कहाण्यांमध्ये एक बाजू झाकलेली राहते आणि ती सांगायला हवी. कमी तिकीट, कमी भाडे आणि कमी नेपथ्य यांचा मेळ बसला, कारण नटांनी आणि कार्यकर्त्यांनी मोबदला घेतला नाही. दिवसा बँकेत, शाळेत, कचेरीत नोकरी आणि संध्याकाळी तालीम, ही व्यवस्था स्थिर नोकऱ्यांच्या काळात चालली. आज करारावर काम करणाऱ्या तरुणाला संध्याकाळ आपली आहे असे खात्रीने म्हणता येत नाही. याच्या उलट विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीकडे पाहावे. वडसा हे तिचे केंद्र. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या निमित्ताने गावातील मंडळ कंपनीला ठरावीक रकमेवर बोलावते आणि नाटक रात्रभर चालते. तिकीटविक्रीची जोखीम मंडळाकडे असल्यामुळे कलावंताला त्याची ‘नाईट’ मिळते. शहरी प्रायोगिक रंगभूमीने या व्यवहाराकडे बराच काळ तुच्छतेने पाहिले. झाडीपट्टीच्या नाटकांच्या आवडीनिवडीबद्दल मतभेद असू शकतील, पण कलावंताला पैसे मिळवून देण्याच्या बाबतीत ती पुढे होती, हे मान्य करावे लागेल.

(दृश्य : माहीमची पालिका शाळा, त्यानंतर अंधेरीतील आराम नगरच्या गल्ल्या.)

जागेचा प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा उभा राहिला. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी छबिलदासचे पर्व संपले आणि ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली, म्हणजे पुन्हा शाळेतच. पुण्यात शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंचाने प्रायोगिक नाटकांना दीर्घकाळ आधार दिला. बंगळुरूत कन्नड अभिनेते-दिग्दर्शक शंकर नाग यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांनी सरकारकडून मिळालेल्या जागेवर २००४ साली ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह उभारले. मुंबईच्या मराठी आणि गुजराती रंगभूमीवर घडलेल्या या अभिनेत्रीने आधी कित्येक वर्षे निधी गोळा करण्यात घालवली. तेवढा काळ थांबणे सर्वांना शक्य नसते. म्हणून आज आराम नगरमधील जुन्या घरांत पन्नास-साठ प्रेक्षकांपुरते स्टुडिओ चालतात. तिथे सकाळी कार्यशाळा होते, दुपारी जाहिरातीसाठी नटांची चाचणी, आणि रात्री नाटक. नाटकाचे भाडे उरलेला दिवस भरतो. मालकाने करार वाढवला तर पुढच्या महिन्याच्या तारखा त्याच दुपारी व्हॉट्सॲपवर जाहीर होतात.