नाही, नको आणि नये : हंगेरियनमधली मनाई मराठीतून शिकताना

मंडळी, बुडापेस्टच्या बागांमध्ये दिसणारी एक छोटी पाटी आधी तुमच्यासमोर ठेवतो. तीनच शब्द आहेत : ‘फ्यूरे लेप्नि तिलोश.’ ‘फ्यू’ म्हणजे गवत, त्याला चिकटलेला ‘रे’ म्हणजे वर. ‘लेप्नि’ म्हणजे पाऊल टाकणं आणि ‘तिलोश’ म्हणजे मनाई. आता हेच मराठीत वाचा : गवतावर पाऊल टाकण्यास मनाई. एकही शब्द जागचा हलला नाही. ‘आहे’सुद्धा लागलं नाही. आपण पाटीवर ते गाळतो, हंगेरियनमध्ये वर्तमानकाळात अशा वाक्याला ते नसतंच.

तुमच्यापैकी काहीजण हंगेरी सरकारच्या, २०१३ साली सुरू झालेल्या, ‘स्टिपेंडियम हंगारिकम’ शिष्यवृत्तीवर निघाला आहात. काहीजण देब्रेत्सेन किंवा सेगेद या हंगेरीतल्या शहरांत डॉक्टरकी शिकायला चालला आहात. तिथे वर्ग इंग्रजीतून भरतील, पण वॉर्डातला पेशंट हंगेरियनच बोलणार. भाषेचं पुस्तकही बहुधा इंग्रजीतून समजावणारं मिळेल. माझी कळकळीची विनंती एवढीच, की मनाई आणि परवानगीचा धडा आला की ते इंग्रजी स्पष्टीकरण बाजूला ठेवा आणि मराठीतून विचार करा. आपल्याकडे नाही, नको आणि नये असे तीन वेगळे शब्द आहेत. हंगेरियनला नेमका असाच कान लागतो.

आधी उच्चाराचं सांगून टाकतो, नाहीतर पाटी चुकीची वाचाल. हंगेरियनमध्ये नुसतं ‘एस’ अक्षर दिसलं की तो श. त्याला ‘झेड’ जोडलं की स. म्हणून तिलोश, आणि म्हणूनच ते लोक आपल्या राजधानीला बुदापेश्त म्हणतात.

आता ‘नेम’ आणि ‘ने’. ‘नेम’ म्हणजे नाही आणि ‘ने’ म्हणजे नको. ‘नेम मेद्येक’ : मी जात नाही. ‘ने मेन्य!’ : जाऊ नकोस! इंग्रजीतून शिकणारा इथे हमखास अडखळतो, कारण त्याच्याकडे दोन्हीकडे एकच नकार असतो. आपल्याला मात्र ‘जाऊ नाही’ असं बोलताच येत नाही, जीभच वळत नाही. गंमत म्हणजे जोडणी उलटी आहे. आपण क्रियापद तसंच ठेवतो आणि नको बदलतो : जाऊ नकोस, जाऊ नका. ते ‘ने’ तसाच ठेवतात आणि क्रियापद बदलतात. एकट्या मित्राला ‘ने मेन्य’, चारचौघा मित्रांना ‘ने मेन्येतेक’, आदराने एकाला ‘ने मेन्येन’. दहा आज्ञांमधली ‘चोरी करू नको’ ही आज्ञा हंगेरियनमध्ये दोन शब्दांत येते : ‘ने लोप्य!’

पण इथेच मराठी माणसाने सावध राहायचं. आपला नको फार कामं करतो. कुणी जेवायला वाढत असेल आणि तुम्ही ‘ने!’ म्हणालात, तर समोरचा दचकेल. ते ‘अरे, थांब, असं करू नकोस!’ असं ऐकू जातं. पानावरच्या नकोला ‘नेम केरेक, कोसोनोम’ म्हणायचं, म्हणजे मला नको, धन्यवाद. आणि वस्तूच नको असेल, गरजच नसेल, तर ‘नेम केल्ल’.

या ‘नेम केल्ल’पाशी मला जरा थांबायचं आहे. माझी एक विद्यार्थिनी तिथे वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला होती. एका आजीबाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला यायचं होतं. तिथे अशा बाईंना ‘नेनी’ म्हणतात, आपण मावशी म्हणतो ना, तसं. हिने प्रेमाने सांगितलं, ‘रेग्गेल नेम केल्ल एन्निए, नेनी.’ सकाळी आजी आल्या त्या पाव-लोणी खाऊनच. तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली. आजींनी काहीच चूक केली नव्हती. त्यांनी ऐकलं होतं : सकाळी खायची गरज नाही. गरज नाही, पण भूक लागली तर कोण थांबवणार? म्हणायला हवं होतं ‘नेम सॉबॉद एन्निए’ : खायचं नाही, खाऊ नये. मुलगी मला फोनवर म्हणाली, ‘सर, मी मनात इंग्रजी वाक्य केलं आणि तिथेच घसरले.’ मराठीत केलं असतं तर ‘खायला नको’ आणि ‘खाऊ नका’ यांतला फरक तिच्या तोंडी लहानपणापासून होता.

त्या ‘एन्निए’कडेही बघा. ‘एन्नि’ म्हणजे खाणं. त्याला माणूस चिकटतो : एन्नेम म्हणजे मला खायला, एन्नेद म्हणजे तुला खायला, एन्निए म्हणजे त्यांना किंवा तुम्हाला, आदराने. आपण मला-तुला वेगळं लिहितो, ते शेपटीला बांधतात.

‘सॉबॉद’ हा शब्द मला फार आवडतो. मुळात तो स्लाव्ह भाषांतून आलेला. अर्थ मोकळा, आणि अर्थ मुभा असलेला. ट्रेनमध्ये रिकाम्या सीटकडे बोट करून विचारायचं, ‘सॉबॉद?’ म्हणजे जागा मोकळी आहे का? नसेल तर उत्तर येतं ‘फोग्लॉल्त’. दारावर टकटक केलीत तर आतून आवाज येतो, ‘सॉबॉद!’ म्हणजे या आत. सिग्नल हिरवा असला तर तो सॉबॉद आणि लाल असला तर तिलोश. आपल्याकडे मोकळा आणि मोकळीक असंच नातं आहे की! ‘सॉबॉत्शाग’ म्हणजे स्वातंत्र्य, पण कचेरीतला माणूस ‘सॉबॉत्शागोन वॉद्योक’ म्हणतो तेव्हा तो फक्त रजेवर असतो. बुडापेस्टमधला दान्यूब नदीवरचा हिरवा पूल १८९६ साली सम्राट फ्रान्झ योझेफच्या नावाने उघडला. १९४५ मध्ये तो उद्ध्वस्त झाला, १९४६ मध्ये पुन्हा उभा राहिला, आणि आज त्याचं नाव ‘सॉबॉत्शाग हीद’, स्वातंत्र्य पूल.

तिलोश आणि नेम सॉबॉद यांत फरक आहे. तिलोशच्या मागे नियम उभा असतो, पाटी असते, दंड असतो. २०१२ पासून हंगेरीत बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, तिथे ‘दोहान्योझ्नि तिलोश’च. पण खचलेल्या मित्राला आपण सांगतो ना, हार मानू नये? त्याला ‘नेम सॉबॉद फेलॉद्नि’. म्हणजे नेम सॉबॉदमध्ये आपला नये बसतो आणि तिलोशमध्ये आपली मनाई.

मनाईच्या या शब्दाला इतिहासाचं वजनही आहे. हंगेरीचा कम्युनिस्ट नेता यानोश कादार याच्या राजवटीत कलाकृतींच्या तीन वर्गवाऱ्या होत्या. त्या धोरणाशी ग्यॉर्ग्य आत्सेल या पुढाऱ्याचं नाव जोडलं जातं. तामोगॉतोत्त, त्यूर्त, तिल्तोत्त : पाठिंबा दिलेलं, खपवून घेतलेलं, बंदी घातलेलं. तिन्ही त-वरून. लेखकाला आपण आज मधल्या खान्यात आहोत की शेवटच्या, याचा अंदाज घेत लिहावं लागे. पुढे १९९१ मध्ये बुडापेस्टच्या काही तरुणांनी विनापरवाना रेडिओ सुरू केला, त्याचं नावच त्यांनी ‘तिलोश रादिओ’ ठेवलं.

परवानगी मागणं सोपं आहे. क्रियापदात ‘हॉत’ किंवा ‘हेत’ घालायचं; कोणतं, ते शब्दातल्या स्वरांवर ठरतं, सवयीने जमतं. ‘बेयोहेतेक?’ : आत येऊ का? ‘लेउल्हेतेक?’ : बसू का? आणि कुणा एकाचं नाही, सगळ्यांचंच विचारायचं असेल तर ‘लेहेत’. ‘इत्त लेहेत फेन्यकेपेझ्नि?’ : इथे फोटो काढता येतात का? आपलं ‘ता येणं’ जसं कर्त्याला बाजूला ठेवतं, तसंच ते.

एक शेवटचं. काही क्रियापदांच्या पुढे एक तुकडा असतो, आणि ‘ने’ आला की तो मागे जातो. ‘ने एश्श एल!’ : पडू नकोस! यातला ‘एल’ हा तो तुकडा. हे झालं व्याकरणातलं. पण खेळाच्या मैदानावर जाऊन बसा. घसरगुंडीच्या शिडीवर पोर चढतंय आणि खालून आई ओरडते, ‘एल ने एश्श!’ तुकडा पुन्हा पुढे उडी मारून आला. आता ती नुसती मनाई राहिली नाही, तिच्यात धास्ती आली. मला याला मराठी शोधायला फार वेळ लागला नाही. आपली आई त्या शिडीखाली उभी असती तर ‘पडू नकोस’ म्हणाली नसती. ती म्हणाली असती, ‘अरे, पडशील हं!’